एक वेबसाइट, पाच जणांचे हात: एफटीपीची किल्ली वाटायची कशी?

सोलापुरातून बोलतोय. बाहेर ऊन मी म्हणतंय, पंखा बंद केलाय कारण माइकमध्ये आवाज येतो, त्यामुळे आजचा भाग जरा घाम गाळत रेकॉर्ड होतोय. समजून घ्या.

मागच्या काही दिवसांत दोन-तीन जणांनी साधारण एकच प्रश्न विचारला. मंडळाची किंवा दुकानाची वेबसाइट आहे, होस्टिंग एकाच्या नावावर आहे, पण काम चार जण करतात. मग सगळ्यांना एफटीपी कसं द्यायचं? सोपं उत्तर सगळ्यांना माहितीय: युजरनेम-पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, झालं काम. आम्हीही तेच केलं होतं. त्यापायी एक मित्र जवळजवळ गमावला. आधी ती गोष्ट सांगतो, मग सेटिंग.

माझ्या मामांचं चादरी आणि टॉवेलचं छोटं दुकान आहे. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तुम्हाला माहीतच असेल. पण मानांकन मिळालं म्हणून गिऱ्हाईक आपोआप येत नाही. बाहेरगावचे लोक आधी फोटो मागतात, डिझाइन बघतात, मग ऑर्डर देतात. म्हणून मामांनी वेबसाइट करायची ठरवली. माझा एक शाळेतला मित्र वेबसाइटची कामं घेतो, त्यालाच सांगितलं. त्यानं साधी, छान साइट करून दिली. फोटोंचं काम एका डिझायनर ताईकडे. दरपत्रक बदलायचं काम पुण्यात नोकरी करणाऱ्या मामेभावाकडे. मधेमधे लुडबुड करायला मी. आणि मामेभावानं सुट्टीत आल्यावर मामांच्या फोनमधल्या फाइल मॅनेजर ॲपमध्येही तेच लॉगिन टाकून दिलं, म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानातच सगळी डिझाइन दाखवता येतील.

मोजा आता. पाच माणसं, लॉगिन एक. तेही होस्टिंगचं मुख्य लॉगिन. त्यानं सगळं उघडतं.

दिवाळीच्या आधी, ऐन सीझनमध्ये, एका संध्याकाळी साइट उघडली तर चादरींच्या पानावर एकही फोटो नाही. नुसते रिकामे चौकोन. फोल्डर उघडून बघितलं तर रिकामं. सहाशेच्या आसपास फोटो गायब.

आता ह्यात एक गुंता होता. त्याच महिन्यात मित्राचे राहिलेले पैसे द्यायचे की नाही यावरून मामांशी त्याची जरा बोलाचाली झाली होती. त्यामुळे घरात सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण त्याला कळलं. मला एवढंच म्हणाला, “मी नाही बे केलं ते.” मी म्हणालो, हो रे, माहितीय. पण खरं सांगू? मलाही माहीत नव्हतं. मामांनी उरलेले पैसे थांबवले आणि त्यानं आमच्याकडे यायचं थांबवलं.

मी होस्टिंगवाल्यांना विचारलं, नोंद बघा, कुणी डिलीट केलं? त्यांनी बघून सांगितलं, दुपारी अमुक वाजता, या युजरनेमनं. युजरनेम कुठलं? तेच, पाचही जणांचं. आयपी ॲड्रेस होता, तो एका मोबाइल कंपनीचा. पाचही जण मोबाइल डेटा वापरतात. त्यात मोबाइल कंपन्या एकच आयपी एका वेळी असंख्य ग्राहकांमध्ये वाटून वापरतात, म्हणजे त्यावरून सरळ एका माणसापर्यंत पोचता येत नाही. तर पुरावा काय? शून्य. त्यानं केलं हे सिद्ध करता येत नव्हतं, आणि त्यानं केलं नाही हेही त्याला सिद्ध करता येत नव्हतं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत उलगडा झाला. मामांना यात्रेचा व्हिडिओ काढायचा होता आणि फोन म्हणाला जागा नाही. मामा सहज मला म्हणाले, “अरे, फोन भरलाय सगळा. मागच्या टायमाला ते चादरींचे फोटो पुसले की नाही मी, तसंच काहीतरी पूस.”

मी तिथंच उभा राहिलो. झालं होतं असं की फाइल मॅनेजर ॲपमध्ये फोनमधलं फोल्डर आणि सर्व्हरवरचं फोल्डर सारखंच दिसतं. तोच पिवळा चौकोन. मामांना वाटलं, हे फोटो फोनमध्ये दोनदा आलेत. सगळे सिलेक्ट केले, डिलीट दाबलं. फोनमधली जागा काही वाढली नाही, कारण फोटो फोनमध्ये नव्हतेच. ते सर्व्हरवरून गेले.

म्हणजे तीन महिने आम्ही ज्याच्याकडे संशयानं बघत होतो त्याचा काडीचा संबंध नव्हता. पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आता मूळ मुद्दा.

लोकांना वाटतं, वेगवेगळं लॉगिन मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. “आपल्यात काय रे, एकच पासवर्ड ठेव.” पण वेगळं लॉगिन असतं तर त्या दिवशी पाच मिनिटांत कळलं असतं, की फोटो मामांच्या फोनवरून गेले. मित्राची मान खाली गेली नसती. वेगळ्या लॉगिनचा पहिला फायदा त्या माणसाला होतो ज्यानं काही केलेलं नाही. तुमच्यातले जे फ्रीलान्सिंग करतात त्यांनी हे लक्षात ठेवा. गिऱ्हाइकाकडे स्वतःचं लॉगिन मागून घ्या, ते तुमच्याच भल्याचं आहे.

आपल्या यात्रेतच बघा ना. सात नंदीध्वज असतात, आणि प्रत्येकाचे मानकरी ठरलेले. कुठली काठी कुणाच्या खांद्यावर, हे सगळ्या गावाला माहीत. त्यात कुणाला अविश्वास वाटत नाही. जबाबदारी कुणाची ते स्पष्ट असतं, एवढंच.

बरं, एफटीपी म्हणजे काय, एका मिनिटात. फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. आपल्या मशीनवरची फाइल दुसऱ्या मशीनवर नेण्याची ठरलेली पद्धत. ती पहिल्यांदा कागदावर मांडली अभय भूषण यांनी, 16 एप्रिल 1971 ला. अलाहाबादचा माणूस, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचा विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होता. वेबसाइट नावाची गोष्ट यायला अजून वीस वर्षं होती. आज जे एफटीपी चालतं त्याचा मुख्य मसुदा 1985 चा. तेव्हा नेटवर्कवर मोजकीच विद्यापीठं आणि संस्था होत्या, बहुतेक एकमेकांना ओळखणाऱ्या. म्हणून साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. मधे कुणी बघत असेल तर त्याला वाचता येतो. याच कारणानं 2021 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सनं ब्राउझरमधून एफटीपी काढून टाकलं. पण होस्टिंगवर ते अजून रोज वापरलं जातं, म्हणून नीट वापरायला शिकू.

आता सेटिंग. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त होस्टिंगवर सीपॅनल असतं, मी तेच धरून सांगतो. दुसरं पॅनल असेल तर नावं थोडी बदलतील, कल्पना तीच.

सगळ्यात आधी मोबाइल बाजूला ठेवा आणि कागद घ्या. कोण काय करतं ते लिहा. आमच्यात लिहिलं असतं तर असं दिसलं असतं: मित्र, पूर्ण साइट. ताई, फक्त फोटो. मामेभाऊ, दरपत्रकाची एक फाइल. मी, खरं तर काहीच नाही. मामा, फोटो फक्त बघायचे. आता बघायचेच असतील तर एफटीपी कशाला? साइट ब्राउझरमध्ये उघडली की दिसतात! निम्मा प्रश्न कागदावरच सुटतो. ज्याला फाइल टाकायची नाही त्याला एफटीपी द्यायचंच नाही.

मग पॅनलमध्ये जा. फाइल्सच्या भागात ‘एफटीपी अकाउंट्स’ असं असतं. तिथं नवीन अकाउंटसाठी चार गोष्टी भरायच्या: लॉगिन, पासवर्ड, डिरेक्टरी आणि कोटा.

लॉगिनमध्ये कामाचं नाव देण्यापेक्षा माणसाचं नाव द्या. ‘फोटो’ नावाचं लॉगिन केलं की उद्या ते तिघं वापरतील आणि आपण परत तिथंच. आणि एक गोष्ट, पूर्ण युजरनेम ईमेलसारखं असतं: नाव, मग ॲट, मग तुमचं डोमेन. बरेच जण लॉगिन करताना फक्त नाव टाकतात, मग 530 नंबरचा एरर येतो आणि पासवर्ड चुकला असं वाटतं. पासवर्ड बरोबर असतो, ॲटच्या पुढचा भाग राहिलेला असतो.

पासवर्ड तिथंच जनरेट करा. दुकानाचं नाव आणि एक-दोन-तीन, असलं नको.

आता तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: डिरेक्टरी. म्हणजे हा माणूस कुठल्या खोलीपर्यंत जाऊ शकतो. इथं जे फोल्डर द्याल ते त्याचं घर. त्याला त्याच्या आतलं सगळं दिसतं, आणि एफटीपीनं त्याच्या वर जाता येत नाही. घाईत इथं नुसतं ‘पब्लिक एचटीएमएल’ ठेवलंत तर अख्खी वेबसाइट त्याच्या हातात. ताईला फक्त फोटो टाकायचेत, तर फोटोंच्या फोल्डरपर्यंतचाच रस्ता द्या.

चौथा कोटा. म्हणजे जागेची मर्यादा. फोटोंसाठी पाचशे एमबी, एक जीबी, जे लागेल ते. अमर्याद ठेवलं आणि कुणी चुकून लग्नाचा व्हिडिओ टाकला तर सगळ्या होस्टिंगची जागा संपू शकते, मग ईमेलही थांबतात.

आता एक बारकावा. आपल्याला वाटतं, फोल्डरपुरतं लॉगिन दिलं म्हणजे माणूस त्या फोल्डरात कोंडला गेला. एफटीपीपुरतं खरं आहे. पण ते फोल्डर वेबसाइटच्या आत असेल, आणि त्या माणसानं तिथं फोटोऐवजी पीएचपीची फाइल टाकली, आणि ब्राउझरमधून ती चालवली, तर? ती फाइल तुमच्या मुख्य अकाउंटच्या हक्कानं चालते. म्हणजे कोंडलेल्या खोलीतून ती सगळ्या घरात फिरू शकते, डेटाबेसचा पासवर्डसुद्धा वाचू शकते. म्हणून ज्याला तुम्ही नीट ओळखत नाही त्याला ‘पब्लिक एचटीएमएल’च्या बाहेरचं एखादं फोल्डर द्या. ‘आवक’ म्हणा त्याला. त्यानं तिथं फोटो टाकायचे, आणि साइट सांभाळणाऱ्यानं बघून ते आत घ्यायचे. थोडं काम वाढतं. पण गोदामात माल मोजूनच घेतात ना? तसंच.

आता जोडणी. कॉम्प्युटरवर फाइलझिला घ्या, फुकट आहे, पण तिच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. साइट मॅनेजरमध्ये नवीन जोडणी करा. होस्टच्या जागी होस्टिंगवाल्यांनी दिलेलं सर्व्हरचं नाव, पोर्ट 21. एन्क्रिप्शनच्या यादीत ‘रिक्वायर एक्सप्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस’ निवडा. मघाशी पोस्टकार्ड म्हणालो ना, हे निवडलं की तेच पत्र बंद पाकिटात जातं. याला एफटीपीएस म्हणतात.

एसएफटीपी नावाचा प्रकार वेगळा. तो एसएसएचवर चालतो, पोर्ट बहुधा 22. सुरक्षित आहे, पण सीपॅनलवर तुम्ही तयार केलेल्या या छोट्या अकाउंटांना तो चालत नाही, फक्त मुख्य अकाउंटला चालतो. त्यामुळे ताईनं एसएफटीपी लावलं आणि लॉगिन होईना, तर तिची चूक नाही. तिला एफटीपीएसच द्या.

लॉगिन झालं पण फाइलींची यादी येईना, नुसतं फिरतंय, असं झालं तर ट्रान्सफरच्या सेटिंगमध्ये पॅसिव्ह मोड आहे का बघा. एफटीपीत बोलणं एका वाटेनं होतं आणि माल दुसऱ्या वाटेनं जातो. ती दुसरी वाट फायरवॉल अडवते. पॅसिव्हमध्ये दोन्ही वाटा आपल्याच बाजूनं उघडतात, म्हणून बहुतेक वेळा तेवढ्यानं सुटतं.

अकाउंट केल्यावर एकदा स्वतः त्या लॉगिननं आत जा. काय दिसतं? वरच्या फोल्डरात जाता येतं का? ही दोन मिनिटं वाचवू नका. मग त्या माणसाला माहिती द्या, ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. युजरनेम मेसेजवर, पासवर्ड फोन करून. आणि नेट कॅफेच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड सेव्ह करू नका. फाइलझिलामध्ये मास्टर पासवर्ड लावला नसेल तर सेव्ह केलेला पासवर्ड त्या मशीनवर सहज वाचता येतो.

मुख्य लॉगिन कुणाकडे राहील? ज्याची वेबसाइट त्याच्याकडे. म्हणजे मामांकडे, त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या मोबाइल नंबरवर. त्यांना त्यातलं काही कळत नसलं तरी चालेल. घराची मूळ किल्ली घरमालकाकडे असते, त्याला सुतारकाम यायलाच पाहिजे असं नाही.

दोन सवयी मात्र लावून घ्या. पहिली, बॅकअप. एफटीपीवर डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेलं ते गेलं. महिन्यातून एकदा पूर्ण साइटची प्रत उतरवून पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवा. आमचे फोटो परत मिळाले ते ताईकडे मूळ प्रती होत्या म्हणून, नाहीतर दिवाळी गेलीच होती. दुसरी, एक फाइल एकाच माणसाची. एफटीपी कुणाला थांबवत नाही. मी दर बदलून फाइल चढवली, मागून मामेभावानं त्याच्याकडची जुनी चढवली, की माझे बदल पुसले. शेवटी चढवेल त्याचं खरं.

आणि माणूस काम सोडून गेला की? त्याच दिवशी त्याचं अकाउंट काढा. बाकी चौघांना पासवर्ड बदलून सांगत बसायची गरज नाही, हाच तर वेगळ्या लॉगिनचा फायदा. पण काढताना डोळे उघडे ठेवा. सीपॅनल विचारतं, अकाउंटबरोबर त्याच्या फोल्डरातल्या फाइलीही काढू का? तिथं हो म्हणू नका. त्याचं फोल्डर म्हणजे तुमच्या साइटचं फोल्डर असेल, तर सगळी साइट जाईल.

काम सोडणाऱ्यांनाही एक सांगतो. जुना पासवर्ड अजून चालतोय म्हणजे तुम्हाला परवानगी आहे असं होत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय आत शिरणं, फाइली काढणं, हे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये येतं. लबाडीनं केलं तर कलम 66 लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे अडकलेत म्हणून रागात साइट पाडायचा विचार मनात आला, तर हे आठवा. पैशासाठी दुसरे रस्ते आहेत. उलट जाताना स्वतःच लिहून द्या, माझं लॉगिन बंद करा. लेखी.

आता राहिलेली गोष्ट. यात्रेहून आल्यावर मामा दुसऱ्याच दिवशी मित्राच्या घरी गेले. मी बरोबर होतो. राहिलेले पैसे त्यांनी त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, “चूक माझी होती बाळा. तुझ्यावर घातली.” मामांना असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्याच्या आईनं चहा केला. तो फार काही बोलला नाही. पैसे घेतले, मोजले नाहीत.

मी निघताना विचारलं, साइट परत बघशील का? तो म्हणाला, “बघतो. पण माझं लॉगिन वेगळं पाहिजे. आणि मेन पासवर्ड मला सांगायचा नाही, मी विचारला तरी.”

तेव्हा मी पॅनल उघडून पहिल्यांदा वरचं सगळं शिकलो. मामांच्या फोनमधून ते ॲप काढलं आणि होम स्क्रीनवर साइटचं चिन्ह ठेवलं. आता ते गिऱ्हाइकाला ब्राउझरमध्ये डिझाइन दाखवतात, कितीही बोटं फिरवली तरी काही जात नाही. मित्र साइट बघतो, वेळेवर बघतो. पूर्वीसारखा दुकानात गप्पा मारत बसत नाही मात्र. येईल कधीतरी.

तर मंडळी, तुमच्याही ग्रुपवर कुठल्यातरी साइटचा पासवर्ड पिन करून ठेवलेला असेल. हा भाग संपला की आधी तो बदला, मग कागद घ्या आणि कोण काय करतं ते लिहा. काही अडलं तर विचारा, पण स्क्रीनशॉट पाठवताना पासवर्ड झाका रे बाबांनो!

भेटू पुढच्या भागात. पंखा लावतो आता.